रविवारी शिजवा, शुक्रवारपर्यंत प्या! खान्देशच्या उन्हात घरगुती सूप सांभाळायचं कसं?

सूप करणं सोपं आहे. आठवडाभर ते चांगलं ठेवणं अवघड आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या उन्हात तर जास्तच. डाळ-भाजीचा बेस, तो थंड करण्याची पद्धत, फ्रिजमधले दिवस, डब्याचे नियम आणि फ्रिज नसेल तर काय, याचं हे सविस्तर गणित.

संध्याकाळी साडेसात-आठला घरी पोहोचायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा, सकाळच्या डब्याची तयारी करायची आणि मधल्या तासाभरात स्वयंपाक उरकायचा. भुसावळहून जळगावला रोज अप-डाऊन करणारे असोत, एमआयडीसीत शिफ्ट करणारे असोत किंवा धुळ्यात दुकान वाढवून रात्री उशिरा घरी येणारे असोत, बहुतेक घरांत सोमवार ते शुक्रवारचं चित्र हेच असतं. मग बाहेरून काहीतरी मागवलं जातं, नाहीतर दोन मिनिटांत होणारं पाकीट फोडलं जातं.

यावर बरीच घरं आता एक उपाय करू लागली आहेत. सुटीच्या दिवशी सूपचा बेस एकदाच शिजवायचा आणि आठवडाभर पुरवायचा. कल्पना चांगली आहे. पोटात डाळ जाते, भाजी जाते, वेळ वाचतो. पण यात एक धोका आहे आणि तो रेसिपीच्या व्हिडिओत सहसा सांगितला जात नाही. तो धोका शिजवताना नसतो. शिजवून झाल्यावर पातेलं ओट्यावर तसंच राहतं, तेव्हा तो सुरू होतो.

आधी समजून घ्या : सूप बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा आहे. या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. ६० अंशांच्या वर ती वाढ थांबते आणि ५ अंशांच्या खाली बरीच मंदावते. म्हणून शिजवलेलं अन्न एकतर चांगलं गरम ठेवायचं किंवा चांगलं थंड. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही.

अमेरिकेच्या कृषी विभागाचा नियम याहून कडक आहे. हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत दोन तासांवरून एक तासावर येते. आता मार्च ते जूनमधलं जळगाव आठवा. इथे ३२ अंश म्हणजे सकाळ! दुपारी पारा ४२-४३ वर असतो आणि मे महिन्यात ४५ च्या आसपासही जातो. म्हणजे वर्षातले निदान चार महिने आपल्याला दोन तासांचा नव्हे, एका तासाचा नियम लागू होतो.

डाळ उकळली म्हणजे जंतू मेले ना?

बहुतेक मेले. सगळे नाही. मातीतून, धान्यातून, भाजीतून येणारे काही जंतू स्वतःभोवती एक कठीण कवच तयार करतात. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. ते उकळत्या पाण्यातही टिकून राहू शकतात. सूप हळूहळू थंड होऊ लागलं की ते पुन्हा जागे होतात.

यातला एक जंतू आहे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. मोठ्या पातेल्यात केलेले मटणाचे रस्से, चिकन, घट्ट डाळी यांतून होणाऱ्या विषबाधेत त्याचं नाव वारंवार येतं. त्याला हवा नको असते. उकळल्यामुळे पातेल्यातली हवा निघून गेलेली असते, त्यामुळे खोल पातेल्याचा मधला भाग त्याला सोयीचा ठरतो. त्याच्या वाढीला सर्वांत अनुकूल तापमान साधारण ४३ ते ४५ अंश. म्हणजे थेट मे महिन्यातली जळगावची दुपार. अनुकूल परिस्थितीत हा जंतू दहा-बारा मिनिटांतही दुप्पट होऊ शकतो.

आपण सावध हिशोब करू. दर २० मिनिटांनी दुप्पट असं धरलं, तर चार तासांत १२ वेळा दुप्पट होतं. एका जंतूचे ४,०९६ होतात. आठ तासांत, म्हणजे रात्री अकराला झाकून ठेवलेलं पातेलं सकाळी सातला उघडेपर्यंत, २४ वेळा दुप्पट होतं. एकाचे १ कोटी ६७ लाखांच्या वर जातात. गंमत म्हणजे वासात किंवा चवीत फरक जाणवेलच असं नाही. पोटात कळा आणि जुलाब मात्र साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतात. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. लहान मुलं, आजी-आजोबा आणि आजारातून उठलेली माणसं यांना ते जड जाऊ शकतं. आणि घरात सूप सर्वांत जास्त कोण पितं? हीच मंडळी.

सकाळी पुन्हा उकळलं तर?

'रात्रीचं आहे, पण एक उकळी काढली की झालं' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य आहे. पुन्हा उकळल्यावर वाढलेले जंतू मरतात, हे खरं. पण काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात आणि त्यातली काही विषं उकळूनही नष्ट होत नाहीत. बॅसिलस सेरियस हा असाच एक जंतू, विशेषतः शिजवलेल्या भातात सापडणारा. म्हणून आठवड्याच्या सूपमध्ये आधीपासून भात, शेवया किंवा नूडल्स घालून ठेवू नका. हवं तर वाढताना ताजा भात घाला.

हिवाळ्यात तरी पातेलं बाहेर चालेल का?

हिवाळ्यात धुळ्यात पारा एक आकडी होतो, हे दरवर्षी बातम्यांत असतं. पण तो पहाटेचा, मोकळ्या जागेतला आकडा असतो. बंद स्वयंपाकघर त्यापेक्षा बरंच उबदार असतं आणि झाकलेलं गरम पातेलं तर तासन्‌तास कोमटच राहतं. त्यामुळे थंडीतही पातेलं रात्रभर बाहेर ठेवायचं नाही.

आठवड्याचा बेस : काय घ्यायचं, किती घ्यायचं?

जळगाव हे डाळ मिलांचं शहर. मूग, उडीद, तूर इथे घरोघरी असतेच. मुगाचं कढण आजारी माणसाला देण्याची पद्धतही जुनी आहे. त्यामुळे 'हेल्दी सूप' म्हणजे ब्रोकोली, क्रीम आणि कॉर्नफ्लोअर असं समजायचं कारण नाही. डाळ शिजून घोटली की सूपला दाटपणा आपोआप येतो.

चार जणांना तीन संध्याकाळी पुरेल, म्हणजे एकूण १२ कप होतील, एवढं प्रमाण असं :

• मूगडाळ : ३०० ग्रॅम (धुऊन अर्धा तास भिजवलेली)
• दुधी किंवा गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा : ४०० ग्रॅम
• टोमॅटो : ४ मध्यम
• कांदे : २
• लसूण : ८-१० पाकळ्या, आल्याचा बोटभर तुकडा
• हळद : अर्धा चमचा
• पाणी : १ लिटर
• मीठ : आत्ता नेहमीच्या निम्मंच

सगळं पाच लिटरच्या कुकरमध्ये एकत्र घाला. डाळ फेसाळते, त्यामुळे कुकर निम्म्याच्या वर भरू नका. चार-पाच शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. वाफ गेली की रवीने घोटा किंवा ब्लेंडर फिरवा. गाळू मात्र नका. गाळलं की चोथ्याबरोबर तंतुमय भागही जातो, आणि तो पोटात जाण्यासाठीच तर भाजी घातलेली असते.

हे मिश्रण घट्टसर होतं, साधारण सव्वादोन लिटर. ते मुद्दाम घट्ट ठेवायचं. फ्रिजमध्ये जागा कमी लागते, थंड करायला कमी वेळ लागतो आणि रोज गरम पाणी घालून हवं तेवढं पातळ करता येतं.

यातून पोषण किती मिळतं?

मूगडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. वरच्या प्रमाणात एका कपाला २५ ग्रॅम डाळ येते, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआरच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात २,००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस असं प्रमाण सुचवलं आहे. म्हणजे एक कप सूप चांगली भर घालतं, पण ते पूर्ण जेवण नाही.

वजन कमी करायचं म्हणून रात्री फक्त सूप पिऊन झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सूपबरोबर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी घेतली, सोबत कच्चा कांदा, काकडी आणि थोडे शेंगदाणे असले, तर ताट पुरं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत धान्य आणि डाळ एकत्रच येतात.

आणखी एक छोटी गोष्ट. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व कमी होतं. म्हणून लिंबू शिजवताना नको, ताटात वाढल्यावर पिळा. डाळीतलं लोह शरीरात शोषलं जायलाही त्याची मदत होते.

सर्वांत महत्त्वाची पायरी : थंड कसं करायचं?

आठवड्याचं सूप इथेच साधतं किंवा इथेच बिघडतं.

हॉटेल आणि कॅन्टीनसाठी अमेरिकेत वापरला जाणारा नियम दोन टप्प्यांचा आहे. ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत यायचं आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा जास्त कडक आहे, कारण जंतूंची सर्वांत वेगवान वाढ त्याच पट्ट्यात होते. खान्देशात उन्हाळ्यात हवाच ४० अंशांची असेल, तर ओट्यावर ठेवून २१ अंश कधीच गाठता येणार नाहीत. म्हणून आपल्याला थोडी मेहनत घ्यावी लागते.

यामागचं विज्ञान साधं आहे. घट्ट पदार्थातून उष्णता सावकाश बाहेर पडते. थराची उंची तिप्पट झाली, तर मधला भाग थंड व्हायला ढोबळमानाने नऊपट वेळ लागतो. म्हणजे १५ सेंटिमीटर खोल पातेल्यातलं सूप आणि ५ सेंटिमीटरच्या पसरट डब्यातलं सूप यांच्यात काही मिनिटांचा नव्हे, काही तासांचा फरक पडतो.

कृती अशी करा :

१. वाटून घ्या. घोटलेला बेस लगेच तीन-चार पसरट स्टीलच्या डब्यांत ओता. थर ५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. स्टीलमधून उष्णता लवकर निघते, जाड प्लॅस्टिकमधून उशिरा.

२. परातीत पाणी घ्या. मोठ्या परातीत किंवा टबात थंड पाणी घ्या, त्यात बर्फ टाका आणि डबे त्यात बसवा. पाण्याची पातळी डब्यातल्या सूपइतकी असावी. डब्यांवर झाकण न लावता स्वच्छ जाळी ठेवा.

३. ढवळत राहा. दर पाच मिनिटांनी स्वच्छ पळीने ढवळा. मधला गरम भाग कडेला येतो आणि वेळ निम्म्यावर येऊ शकतो.

४. फ्रिजमध्ये ठेवा. डबा बाहेरून हाताला गार लागला की झाकण लावून आत ठेवा. डबे एकावर एक रचू नका. पहिले काही तास मधून हवा खेळू द्या.

बर्फ किती लागेल? सव्वादोन लिटर सूप ६० अंशांवरून २५ वर आणायला सुमारे ३३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे साधारण एक किलो बर्फ. आसपासच्या हवेतली उष्णता धरून थोडा जास्त घ्या. शनिवारी रात्री दोन-तीन डबे पाणी बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की काम झालं. विकत आणायची गरज नाही.

'गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये' हे खरं की खोटं?

अर्धं खरं. मोठं, वाफाळतं पातेलं थेट आत ठेवलं तर फ्रिजमधलं दूध, दही, भाज्या सगळ्यांचंच तापमान वाढतं. शिवाय पातेल्याचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. पण त्यावर उपाय म्हणजे पातेलं रात्रभर बाहेर ठेवणं नव्हे. छोटे, पसरट डबे कोमट असताना आत ठेवायला हरकत नाही. उलट तेच सुरक्षित आहे.

किती दिवस टिकतं?

• फ्रिजमध्ये (५ अंश किंवा कमी) : ३ ते ४ दिवस. आपल्याकडे फ्रिज वारंवार उघडला जातो, त्यामुळे तीनच दिवस धरलेले बरे.
• डीप फ्रीझमध्ये (उणे १८ अंश) : चव आणि पोत चांगला राहायचा असेल तर २ ते ३ महिने.
• एक दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा : इथे उणे १८ अंश कायम राहतीलच असं नाही. दोन आठवड्यांत संपवा.

आपला फ्रिज खरंच ५ अंशांवर आहे का, हे तपासायला साधा थर्मामीटर पुरतो. मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या ग्लासात तो रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच आकडा पाहा. उन्हाळ्यात बहुतेकांना नॉब एक-दोन आकडे पुढे करावा लागतो.

गोठवताना डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवा, नाहीतर काचेची बरणी तडकते. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा.

काही पदार्थ गोठवायला बरे नाहीत. बटाटा भुसभुशीत होतो. दूध, साय आणि दही फाटल्यासारखं होतं. म्हणून कढी गोठवू नका. पालक, मेथी, कोथिंबीरही बेसमध्ये नको. गरम करताना ताजी घातली तर रंग आणि चव दोन्ही राहतात.

एकच बेस, पाच संध्याकाळी : असा लावा आठवडा

रोज तेच सूप दिसलं की बुधवारी मुलं वाटी बाजूला सारतात. बेस एकच ठेवून फोडणी बदलली की प्रश्न सुटतो.

सोमवार (फ्रिजमधून) : बेसमध्ये गरम पाणी, वरून तुपात जिरं-लसणाची फोडणी, कोथिंबीर. साधं मुगाचं सूप.

मंगळवार (फ्रिजमधून) : उकळताना मूठभर चिरलेला पालक, मिरपूड. वाढताना लिंबू.

बुधवार (कोरड्या भरड्यातून) : खाली दिलेला भरडा, त्यात किसलेलं गाजर किंवा शिजवलेल्या शेवग्याचा गर.

गुरुवार (गोठवलेला डबा) : सकाळी निघताना डबा बर्फाच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी सुकी लाल मिरची आणि चिमूटभर काळ्या मसाल्याची फोडणी. ही चव खान्देशी माणसाला वेगळी सांगायला नको. भाकरी कुस्करून खाल्ली तर जेवणच होतं.

शुक्रवार (भरडा) : टोमॅटो उकडून, घोटून त्यात भरडा. आंबट-तिखट सार. घरात मक्याचे दाणे किंवा मटार असतील तर तेही घाला.

गरम करताना हे पाळा

• लागेल तेवढंच काढा. अख्खा डबा रोज गरम करून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.
• नुसतं कोमट नको, खळखळून उकळू द्या. मधला भाग निदान ७४ अंशांपर्यंत जायला हवा. एक-दोन मिनिटं चांगली उकळी आली की ते होतं.
• मायक्रोवेव्हमध्ये मध्येच थंड भाग राहतात. अर्ध्यात बाहेर काढून ढवळा आणि पुन्हा ठेवा.
• गोठवलेला डबा ओट्यावर वितळवू नका. विसरलात तर गोठलेला गोळा थेट पातेल्यात टाकून मंद आचेवर गरम करा.
• उरलेलं सूप वाटीतून परत डब्यात ओतू नका.

ऑफिसच्या डब्यात सूप नेता येईल का?

साध्या स्टीलच्या डब्यात सकाळी आठला भरलेलं सूप दुपारी एकला प्यायचं म्हणजे पाच तास. उन्हाळ्यात बस किंवा रेल्वेतून प्रवास करून आलेल्या डब्यासाठी हा वेळ फार जास्त आहे. सूप न्यायचं असेल तर थर्मास घ्या. आधी त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून खळखळतं सूप काठापर्यंत भरा. दुपारी झाकण उघडल्यावर सूप तोंडाला चटका बसेल इतकं गरम असायला हवं. फक्त कोमट असेल, तर ते पिऊ नका.

फ्रिज नाही, किंवा वीज जाते, त्यांनी काय करायचं?

वीज गेली आणि दार बंद ठेवलं, तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, असं अमेरिकी अन्नसुरक्षा मार्गदर्शनात सांगितलं आहे. भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात यापेक्षा कमीच धरा. चार तासांच्या वर वीज गेली, तर फ्रिजमधल्या सूपचा मोह सोडा.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा वीजपुरवठ्याचा भरवसा नाही, त्यांनी शिजवून साठवण्याच्या फंदात पडूच नये. त्यांच्यासाठी खान्देशची जुनी युक्ती जास्त कामाची आहे : पाणी काढून टाका.

बिबडे, कुरडया, शेवया, मुगाच्या वड्या. उन्हाळ्यात गच्चीवर चालणारं हे वाळवण म्हणजे आजच्या भाषेत 'मील प्रेप'च. जंतूंना वाढायला पाणी लागतं. पदार्थातलं पाणी उन्हाने काढून घेतलं की तो महिनोन्‌महिने टिकतो. जे ऊन शिजवलेलं सूप बिघडवतं, तेच वाळवण टिकवतं. जळगावात जैन उद्योगसमूह कांदा वाळवून त्याचे काप आणि पावडर करतो, त्यामागेही तत्त्व हेच. फक्त तिथे गच्चीच्या जागी कारखाना आहे.

सूपचा कोरडा भरडा असा करा. एक वाटी मूगडाळ कोरड्या कापडाने पुसून मंद आचेवर खमंग भाजा. पूर्ण गार होऊ द्या. मग एक चमचा जिरं, अर्धा चमचा मिरे, अर्धा चमचा सुंठ, हळद आणि हिंग घालून मिक्सरवर रवाळ दळा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. महिनाभर चालतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवा. ओला चमचा बरणीत घालायचा नाही.

दोन कप सूपसाठी तीन चमचे भरडा आधी थंड पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग उरलेलं पाणी घालून दहा मिनिटं उकळा. भाजी हवी तर आत घाला. इतकंच. करायचं, प्यायचं, साठवायचं काही नाही.

पाकिटातलं सूप आणि घरचं सूप : फरक कुठे आहे?

मुख्य फरक मिठात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. पाकिटावर बहुतेक वेळा मीठ नव्हे, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. उदाहरणार्थ, एका वाढपात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं. दिवसाच्या कोट्यातले दोन पंचमांश एका वाटीत संपले.

पाकीट घेऊच नका असं नाही, पण मागची बाजू वाचा. एक पाकीट किती जणांचं धरलं आहे, तेही पाहा. घरच्या बेसमध्ये निम्मंच मीठ घालायचं कारणही हेच. उरलेली चव लिंबू, लसूण, मिरपूड आणि जिरं भरून काढतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ आणि डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. एक वर्षाखालच्या बाळासाठी मीठ घालण्याआधीच वेगळा भाग काढून ठेवा.

चिकन सूप किंवा पायाचं काय?

नियम तेच, फक्त सावधगिरी जास्त. हाडं काढून रस्सा वेगळा करा, पसरट डब्यांत थंड करा. फ्रिजमध्ये वर चरबीचा थर जमतो, तो पळीने काढता येतो. तीन दिवसांत संपवा किंवा पहिल्याच दिवशी गोठवा.

आणि हे सगळं करणार कोण?

'रविवारी दोन तास द्या आणि आठवडा मोकळा' असं म्हणणं सोपं आहे. पण ते दोन तास बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या सुटीतून जातात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात ६ वर्षांवरच्या वयोगटात बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं दिसलं. पुरुषांसाठी हा आकडा ८८ मिनिटं आहे.

आठवड्याच्या सूपचं काम मात्र वाटून घ्यायला सोयीचं आहे, कारण ते तुकड्यांत होतं. एकाने भाजी चिरायची, दुसऱ्याने कुकर लावायचा. परात, बर्फ, दर पाच मिनिटांनी ढवळणं, डब्यांवर तारखा लिहिणं याला स्वयंपाक येण्याची गरज नाही. शाळकरी मुलंही मोठ्यांच्या देखरेखीखाली तारखा लिहू शकतात. संध्याकाळी जो आधी घरी येईल, त्याने डबा काढून उकळी काढायची. एवढं ठरलं, तर वेळ खऱ्या अर्थाने वाचतो. नाहीतर सोमवारचं काम फक्त रविवारवर ढकललं जातं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• शिजल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात एका तासात.
• खोल पातेलं नको, पसरट स्टीलचे डबे. थर ५ सेंटिमीटर.
• परातीत बर्फाचं पाणी, दर पाच मिनिटांनी ढवळा.
• फ्रिजमध्ये तीन दिवस. त्यापुढचं पहिल्याच दिवशी गोठवा.
• रोज लागेल तेवढंच काढा आणि खळखळून उकळा.
• डब्यात न्यायचं तर थर्मास.
• फ्रिज नसेल तर कोरडा भरडा.
• पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं असेल, तर वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका. टाकून द्या. डाळ-भाजीचा खर्च परत करता येतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं महागात पडतं.